सीट उसवली, फाटली की विरली? नव्या गाडीच्या सीटची तक्रार करण्याआधी

मागच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मुहूर्तावर आम्ही गाडी घरी आणली. वरचं मॉडेल, १४ लाख ६० हजारांचं, तपकिरी 'लेदर' सीटचं. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भुसावळहून आले, दारात उतरताना माझी ओढणी चालकाच्या सीटच्या कडेला अडकली. वाकून बघितलं तर बैठकीच्या उजव्या अंगाला, दाराकडची फुगीर कड मधल्या भागाला जिथे जोडली आहे तिथे, शिवणीलगत दोन बोटं लांब फट पडली होती. आतला पिवळट फोम दिसत होता. गाडीला आठ महिने झाले होते आणि मीटरवर ९,२०० किलोमीटर होते.

पाच आठवड्यांनी शोरूमने बैठकीचं कव्हर वॉरंटीत बदलून दिलं, एक रुपयाही न घेता. पण पहिल्या दिवशी त्याच शोरूममध्ये मला सांगितलं होतं, "मॅडम, सीट वॉरंटीत येत नाही." या दोन उत्तरांच्या मधे मी काय काय केलं ते लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीतल्या दोघांनी असंच उत्तर ऐकून आठ-दहा हजारांची कव्हरं चढवली आणि दोष झाकून टाकला. कंपनीपर्यंत तो पोचलाच नाही.

मी २६ वर्षं जळगावात शिवणक्लास चालवते. नवीन मुलगी "बाई, ब्लाउज फाटला" म्हणत आली की मी आधी विचारते, फाटला, उसवला की विरला? दोरा सुटला आणि कापड धड आहे, तर ते उसवलं. कापडच तुटलं, तर फाटलं. वापरून वापरून झिरझिरीत झालं, तर विरलं. उसवलं तर चूक शिवणाऱ्याची. विरलं तर कोणाचीच नाही, तो काळाचा आणि वापराचा भाग. फाटलं असेल तर मात्र नीट बघावं लागतं, कारण खिळ्यात अडकूनही फाटतं आणि शिवताना चुकलं तरी फाटतं.

गाडीच्या सीटला हेच तीन शब्द लावा. वॉरंटीच्या पुस्तिकेत जवळजवळ सगळ्याच कंपन्या लिहितात की वापराने होणारी सर्वसाधारण झीज वॉरंटीत धरली जाणार नाही. झीज म्हणजे विरणं. शोरूममधला मुलगा 'वेअर अँड टेअर' म्हणतो तेव्हा त्याचं म्हणणं असतं की तुमची सीट विरली आहे. ती विरलेली नाही हे दाखवता आलं, तर तुमचं निम्मं काम झालं.

सीट कशाची आहे

आपल्याकडे पंचवीस लाखांच्या आतल्या बहुतेक गाड्यांत 'लेदर' म्हणून जे विकलं जातं ते लेदरेट असतं. म्हणजे विणलेल्या कापडावर प्लास्टिकचा थर चढवलेला, आपल्या रेक्झीनचाच चांगला भाऊबंद. काही गाड्यांत मधला भाग खऱ्या चामड्याचा आणि कडा, पाठ लेदरेटची असते. माहितीपत्रकात बारीक अक्षरांत ते लिहिलेलं असतं. गाडी घेतानाचं माहितीपत्रक टाकू नका. विक्रेता तोंडाने 'लेदर' म्हणाला असेल आणि कागदावर 'लेदरेट' असेल, तर कागद चालतो.

पाण्याचा थेंब टाकून चामडं ओळखा असं लोक सांगतात. त्यावर विसंबू नका. गाडीतल्या खऱ्या चामड्यावरही संरक्षक थर असतो, त्यामुळे त्यावरही थेंब तसाच उभा राहतो. सीटच्या खाली, कव्हरची कड जिथे प्लास्टिकच्या पट्टीने अडकवलेली असते, तिथे बॅटरी मारून मागची बाजू बघा. जाळीदार विणीचं कापड दिसलं तर लेदरेट. मखमलीसारखे उभे तंतू दिसले तर चामडं.

हे कळून उपयोग काय? दोषाचं नाव कळतं. लेदरेटवरचा प्लास्टिकचा थर पॉलियुरेथेनचा असेल तर उष्णता आणि दमट हवा मिळून तो कापडापासून सुटतो, आणि उन्हाने सोललेल्या कातडीसारखे पापुद्रे निघतात. माझ्या नणंदेच्या गाडीला रत्नागिरीत तेच झालं. पीव्हीसी असेल तर त्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू निघून जातं, मग तो कडक होतो आणि त्याला तडे जातात. जुन्या रेक्झीनच्या पिशवीची घडी तुटते ती याचमुळे. पण त्या पिशवीला तसं व्हायला वर्षानुवर्षं लागतात. गाडीला आठव्या-दहाव्या महिन्यात पापुद्रे किंवा तडे येत असतील, तर माल कच्चा आहे.

कुठल्या गोष्टी दोषात येत नाहीत तेही आधीच मान्य करा. नव्या जीन्सचा निळा रंग बसला, किल्लीचा ओरखडा, कुत्र्याची नखं, सिगारेटचा डाग, हे आपलं आहे. त्यासाठी भांडायला गेलात तर खरी तक्रारही पातळ होते.

टेप, बॅटरी आणि एक रुपयाचं नाणं

मी त्या फटीत बोट घातलं नाही. नखाने कडा ओढून बघायचा मोह होतो, तो आवरा. आधी फोटो. एक लांबून, सगळी सीट दिसेल असा. एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, म्हणजे आकार कळतो. एक मीटरचा. आणि एक शेजारच्या सीटचा, अगदी त्याच जागेचा. हा शेवटचा फोटो सगळ्यात कामाचा असतो, कारण दोन्ही सीटा एकाच गाडीत, एकाच उन्हात, एकाच घरात वाढलेल्या असतात. पंधरा दिवसांनी पुन्हा त्याच कोनातून तेच फोटो घ्या.

मग मी बॅटरी मारून शिवण बघितली. दोरा अखंड होता. तुटलेला नव्हता, सैल नव्हता, गाठही सुटलेली नव्हती. म्हणजे उसवलेली नाही. कडेचा वरचा भाग, जिथे उतरताना मांडी घासते, तिथली खरखर नव्यासारखी होती, चकाकी आलेली नव्हती. म्हणजे विरलेलीही नाही. फाटलेली होती, आणि ती सुईच्या भोकांच्या रेषेत. एका भोकातून दुसऱ्या भोकात, पोस्टाचं तिकीट फाडावं तशी सरळ.

मी क्लासचा टेप आणला आणि टाके मोजले. फटीजवळ एका इंचात अकरा. शेजारच्या सीटला त्याच जागी सात. डाव्या बाजूच्या शिवणीला सात. पुन्हा मोजले, अकराच.

कापडावर टीप बारीक घातली की शिवण पक्की होते. चामडं, रेक्झीन, लेदरेट यांचं उलटं आहे. कापडात सुई धाग्यांच्या मधून वाट काढते. लेदरेटच्या थरात ती भोक पाडते, आणि ते भोक भरून येत नाही. टीप जितकी बारीक तितकी भोकं जवळ, आणि मधली जागा तितकी कमजोर. वर माणूस बसला की ताण त्याच रेषेवर येतो. मी मुलींना पर्स शिकवते तेव्हा मशीनचा टाका मोठा करायला लावते, तो यासाठीच. त्या दिवशी कारखान्यात मशीनचा टाका बिघडला असेल किंवा तो तुकडा दुरुस्तीत पुन्हा शिवला असेल. कारण काही असो, खूण स्पष्ट होती.

तुम्हाला शिवण येत नसली तरी टाके मोजता येतात. पट्टी ठेवा, एक इंचातले मोजा, दोन सीटांचे ताडून बघा.

जॉब कार्ड

सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर चांगला मुलगा होता, बोलायला नम्र. त्याने सीट बघितली, टॅबवर जॉब कार्ड, म्हणजे गाडीची तक्रार नोंदवायचा कागद, भरलं आणि म्हणाला, "इथे बोटाने सही करा." मी वाचलं. लिहिलं होतं: 'ड्रायव्हर सीट कव्हर टॉर्न, चेक.'

त्या पाच शब्दांवर सही केली असती तर पुढे कोणी गाडी न बघताच उत्तर दिलं असतं की ग्राहकाने सीट फाडली. मी त्याला म्हटलं, "दादा, हे खोडा आणि मी सांगते तसं लिहा." त्याने थोडी कुरकुर केली, सिस्टिममध्ये एवढी जागा नसते म्हणाला. जागा होती. लिहिलं ते असं: 'चालकाच्या बैठकीच्या उजव्या कडेला शिवणीलगत सुईच्या भोकांच्या रेषेत मटेरियल सुटले आहे. दोरा शाबूत. कापल्याची किंवा घासल्याची खूण नाही. डाव्या सीटला त्याच जागी असे नाही. ८ महिने, ९,२०० कि.मी.' त्याला इंग्रजीत लिहायचं होतं, तर इंग्रजीत. मुद्दे मात्र हेच.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात मोलाचा कागद हा आहे. कंपनीचा माणूस, ग्राहक हेल्पलाइन, उद्या ग्राहक आयोग, प्रत्येक जण पहिल्यांदा जॉब कार्ड मागतो. त्याची प्रत घेतल्याशिवाय शोरूम सोडू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवतात, ती उघडून वाचा, मगच निघा. "आधी बघतो, मग जॉब कार्ड उघडतो" असं म्हणाले तर तिथेच थांबा. कार्ड उघडलं नाही तर तुम्ही त्या दिवशी आलाच नव्हता, असा त्याचा अर्थ होतो.

त्याच दिवशी दोन गोड पर्याय पुढे येतात. एक, त्यांच्याच अ‍ॅक्सेसरी काउंटरवरचं कव्हर, सवलतीत. दुसरा, "आपला माणूस आहे, अर्ध्या तासात शिवून देईल." दोन्ही नाकारा. गावातल्या कव्हरवाल्यांच्या हाताबद्दल मला शंका नाही, त्यांच्यातली दोन मुलं माझ्याकडेच शिकली आहेत. पण पुढच्या सीटच्या पाठीच्या कडेला 'एअरबॅग' लिहिलेली छोटी पट्टी शिवलेली आहे का ते बघा. असेल तर त्या पाठीत बाजूची एअरबॅग आहे, आणि अपघातात ती ठरावीक शिवण फाडूनच बाहेर येते. ती शिवण मुद्दाम तशी घातलेली असते. तिच्यावर कोणी जाड दोऱ्याने पक्की टीप मारली किंवा वरून घट्ट कव्हर चढवलं, तर एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही. शिवाय बाहेरच्या माणसाने हात लावला की कंपनीला नाही म्हणायला कारण मिळतं.

मधले पाच आठवडे मी बैठकीवर सुती टॉवेलची घडी टाकून गाडी चालवली. चिकटपट्टी लावली नाही, कारण ती काढताना वरचा थर घेऊन येते. खोबरेल तेल, बुटाचं पॉलिश, सॅनिटायझर काहीच लावलं नाही. चामड्याचं कंडिशनर लेदरेटमध्ये मुरत नाही, वरच बसून राहतं. ओलसर फडकं, सौम्य साबण आणि लगेच कोरडं पुसणं एवढंच करा. हवा येणारी बारीक छिद्रांची सीट असेल तर पाणी अगदी बेताचं.

तीन उत्तरं ठरलेली असतात

पहिलं, ऊन. जळगावात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, त्यामुळे हे उत्तर आमच्याकडे हमखास मिळतं. मी एवढंच विचारलं, ही गाडी तुम्ही खान्देशात विकता ना? आणि ऊन पडलं ते दोन्ही सीटांवर पडलं, मग एकच कशी फाटली, तीही सरळ रेषेत?

दुसरं, बसण्या-उतरण्याची सवय. घासून गेलं असतं तर आधी कडेचा माथा गेला असता, शिवण नव्हे. फोटो दाखवा.

तिसरं, तुम्ही काहीतरी लावलं असेल. इथे खरं सांगा. सॅनिटायझर सांडलं असेल तर सांडलं म्हणा, कुठे ते दाखवा, आणि फट तिथे नाही हेही दाखवा. एक खोटं पकडलं गेलं की बाकीचं खरंही जातं.

तोंडी बोलणं झालं की त्याच संध्याकाळी कंपनीच्या कस्टमर केअरला मेल करा आणि शोरूमच्या वर्क्स मॅनेजरला त्याची प्रत ठेवा. गाडीचा नंबर, चासी नंबर, खरेदीची तारीख, किलोमीटर, जॉब कार्डचा नंबर, दोन ओळींत दोष, फोटो. आणि शेवटी नेमकं काय हवं ते: 'बैठकीचे कव्हर कंपनीचे, नवीन, वॉरंटीत बदलून मिळावे. शिवून किंवा चिकटवून दुरुस्ती मान्य नाही.' सोबत १५ दिवसांची मुदत द्या. सीटपायी गाडी बदलून मागू नका. मागणी रास्त असली की समोरच्याला होकार देणं सोपं जातं.

माझ्या मेलनंतर दहाव्या दिवशी कंपनीचा एरिया मॅनेजर शोरूमला येणार होता. ही माणसं ठरल्या दिवशीच येतात. तो दिवस विचारून घ्या आणि स्वतः हजर राहा. गाडी सोडून घरी गेलात तर तुमच्या बाजूने कोण बोलणार? मी टेप नेला होता. त्यांना म्हटलं, तुम्हीच मोजा. त्यांनी दोन्ही सीटांचे टाके मोजले, मग गुडघ्यावर बसून सीटखालच्या बारकोडच्या लेबलाचा फोटो काढला. "ताई, शिवणकाम करता का?" एवढंच विचारलं. चार दिवसांनी क्लेम मंजूर झाल्याचा मेसेज आला. पुढचे तीन आठवडे पार्ट येण्यात गेले.

नाहीच म्हणाले तर

नकार लेखी मागा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. त्यानेही काम झालं नाही तर शोरूम आणि कंपनी दोघांना स्पीड पोस्टाने, पोच ठेवून, नोटीस पाठवा.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो की गुरुग्रामला. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. फी १० ते २० लाखांच्या गाडीला ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, आणि ती "पार्ट येतोय मॅडम" ऐकत बसलं की बघता बघता सरते. गाडी निव्वळ धंद्यासाठी घेतली असेल तर तुम्ही 'ग्राहक' ठरत नाही. स्वतः चालवून पोट भरणाऱ्याला मात्र सूट आहे.

दोष नुसत्या डोळ्यांनी ठरत नसेल तर आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणून वाट बघून कंटाळलात आणि स्वखर्चाने कव्हर बदललंत, तर जुनं कव्हर कोरड्या कापडात गुंडाळून ठेवा. तोच तुमचा पुरावा. तुमच्या बाजूचं कोणी हवं असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटा. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात सुरू केलेलं हे काम आज गावोगावी चालतं.

वर्ष-दीड वर्ष वापरलेली गाडी घेत असाल तर थोडं वेगळं. वॉरंटी पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या तारखेपासून मोजतात, तुम्ही घेतली त्या तारखेपासून नाही. बहुतेक कंपन्यांची उरलेली वॉरंटी गाडीबरोबर पुढे जाते, पण आरसी नावावर झालेली असावी लागते. गाडी बघायला जाल तेव्हा सीटकव्हर काढायला लावा. "आतून एकदम नवीन आहे" म्हणणारा माणूस कव्हर काढायला का कू करत असेल, तर किंमत तिथेच पाडून मागा किंवा उठा.

नवं कव्हर बसतं त्या दिवशी

त्या दिवशी घाई करू नका. सीट गाडीतून बाहेर काढावी लागते आणि तिच्याखाली एअरबॅगची, बेल्टची, बसलेला माणूस ओळखणाऱ्या सेन्सरची वायर असते. एअरबॅगचा कनेक्टर पिवळा असतो. आधी गाडीच्या बॅटरीची वायर सोडली का, ते विचारा. काम झाल्यावर चावी फिरवून डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा पेटतो आणि काही सेकंदांत विझतो ना, ते स्वतः बघा. पेटलेलाच राहिला तर गाडी ताब्यात घेऊ नका. सीट पुढे-मागे, वर-खाली करून बघा, बेल्ट लावून बघा. नव्या कव्हरचा रंग पाठीशी जुळतो का ते वर्कशॉपच्या ट्यूबलाइटखाली कळत नाही, गाडी उन्हात आणायला लावा. माझ्या बैठकीचा रंग किंचित गडद होता. नव्या-जुन्या मालात एवढा फरक येतो, मी तो मान्य केला.

बिलावर रक्कम शून्य आणि शेजारी 'वॉरंटी' असं लिहिलेलं असू द्या, पार्ट नंबरसह. बदललेल्या भागाला बहुतेक ठिकाणी नवी वॉरंटी मिळत नाही, मूळची उरलेलीच चालू राहते. तेव्हा ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि महिनाभर आधी सगळ्या सीटांच्या शिवणी पुन्हा एकदा बघून घ्या.

वर्कशॉपच्या दारात मी टेप काढला. उजवीकडे सात, डावीकडे सात. तो अ‍ॅडव्हायझर मुलगा शेजारी उभा होता. त्याने माझ्या हातातून टेप घेतला आणि मागच्या सीटचे टाकेही मोजले.